भाजीपाल्यात जिवाणू खतं: खताची गोणी खरंच कमी होते का?

बांधावरचा (निफाड)

राम राम मंडळी.

रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधला) कांदा लावायला घेतोय, रोपं तयार आहेत. त्यामागून जानेवारीत टोमॅटो. यंदा खताला हात आखडता घ्यायचाय. माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरदापुढे (फॉस्फरस) 'जास्त' असं लिहून आलंय, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, सामू (पीएच) 8.1. चुनखडी आमच्याकडे आहेच.

दुकानात विचारलं तर ॲझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) आणि केएमबी (पालाश, म्हणजे पोटॅश, मोकळं करणारे) अशा तीन बाटल्या पुढ्यात मांडल्या. कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत म्हटलंय की जिवाणू खतं वापरली तर नत्र आणि स्फुरदाची मात्रा पाव हिश्शाने कमी करता येते. आमच्या शिवारात मात्र लोक गोण्याही पूर्ण टाकतात आणि वरून बाटल्याही सोडतात. मग बचत झाली कुठे? खर्च वाढला की.

ज्यांनी खरोखर खत कमी करून बघितलंय त्यांनी लिहा. 'माती जिवंत होते' वगैरे ऐकून झालंय, ते नको.

काळी_कसदार (जुन्नर)

भाऊ, कांद्याची रोपं मी जिवाणूंच्या रबडीत बुडवूनच लावतो आणि नत्र कमी देतो. बरीच वर्षं असंच चाललंय, उतारा घटलेला नाही.

पद्धत सांगतो, कारण निम्मे लोक इथेच घोळ घालतात. रोपं उपटली की शेंड्याचा एक तृतीयांश भाग छाटायचा आणि मुळांची माती झटकायची. पसरट टबात दहा लिटर पाणी घ्यायचं. त्यात ॲझोस्पिरिलम (हाही नत्राचाच जिवाणू) आणि पीएसबीची पावडर, वर दोन-चार मुठी चाळलेलं शेणखत. नुसत्या पाण्यात मुळाला काही धरत नाही, शेणखताने रबडी होते. जुड्या उभ्या ठेवायच्या, मुळं बुडतील इतक्याच. पंधरा-वीस मिनिटं पुरे. लावणीच्या बायकांना आधीच सांगून ठेवायचं की जुडी निथळली की थेट वाफ्यात. बांधावर उन्हात जुड्यांचा ढीग लागला आणि मुळं पांढरी पडून सुकली, तर तुम्ही फक्त पावडर विकत घेतली असं समजा.

बुरशीनाशकात रोप बुडवणार असाल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. कॉपरवालं काही असेल तर त्याच्या आसपासही जिवाणू आणू नका.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस हेक्टरी 5 किलो ॲझोस्पिरिलम आणि 5 किलो पीएसबी अशी आहे, लावणीच्या वेळी. शेणखतात कालवून, सावलीत ओलसर ठेवून मग वाफ्यात पसरायचं. मी बुडवणं आणि पसरणं दोन्ही करतो.

हिशेबी (संगमनेर)

टोमॅटोचं पैशात बोलू.

संकरित टोमॅटोला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 300:150:150 किलो, नत्र:स्फुरद:पालाश या क्रमाने. म्हणजे एकरी 120 किलो नत्र आणि 60 किलो स्फुरद. पाव हिस्सा वाचवला तर 30 किलो नत्र, 15 किलो स्फुरद. पंधरा किलो स्फुरदासाठी डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) साधारण 33 किलो लागतं. 1350 रुपयांच्या 50 किलोच्या गोणीने 890 रुपये झाले. त्या डीएपीबरोबर 6 किलो नत्रही गेलं. उरलेल्या 24 किलोंचा युरिया 52 किलो. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, म्हणजे 308 रुपये.

सगळं मिळून एकरी 1200 रुपये. यात तीन बाटल्या बसवा आणि सांगा काय उरलं. युरिया इतका स्वस्त आहे की तो वाचवून कुणी श्रीमंत होत नाही.

टोमॅटोवाल्याचा खिसा कापतात ती विद्राव्य खतं. 19:19:19, 12:61:0, 13:0:45. ठिबकमधून आठवड्याला जे सोडतो ना आपण, तिथे किलोमागे पैसे मोजावे लागतात. पाव हिस्सा तिथून काढलात तर ती बचत म्हणायची.

काळी_कसदार (जुन्नर)

हिशेब बरोबर आहे, पण डीएपी 1350 ला हातात पडतं तेव्हा. ऐन हंगामात गोणीसोबत नको असलेली दुसरी वस्तू गळ्यात मारतात, ती कुठल्या रकान्यात धरणार?

हिशेबी (संगमनेर)

ती 'इतर खर्च' मध्ये. बहुतेक वेळा ती दुसरी वस्तू जिवाणूंची बाटलीच असते, हा त्यातला विनोद.

पेट्रीडिश (पुणे)

माझं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात आणि काम प्रयोगशाळेत. शेत कसत नाही, तेव्हा मशागतीत मला कुणी पकडू नये. पण जिवाणूंबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, त्यातली एक अनेकांना आवडणार नाही.

खत नियंत्रण आदेश 1985 चा आहे, त्यात जिवाणू खतं 2006 साली आली. त्या निकषांत ॲझोटोबॅक्टरसाठी एक अट आहे: एक ग्रॅम साखर खाऊन किमान 10 मिलिग्रॅम नत्र स्थिर करता आलं पाहिजे. आता हा आकडा शेतात घेऊन या. हेक्टरी 20 किलो नत्र हवेतून हवं असेल तर या दराने जिवाणूंना 2000 किलो साखर लागेल. दोन टन! निकष 'किमान' आहे, चांगला वाण थोडा बरा असेल, तरी अंदाज येतो. हवेतल्या नत्राचा रेणू फोडणं हे निसर्गातल्या सगळ्यात महागड्या कामांपैकी एक. एका रेणूमागे ऊर्जेचे 16 एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी म्हणा) खर्ची पडतात. 0.42 टक्के कर्बाच्या जमिनीत सुटा राहणारा ॲझोटोबॅक्टर एवढी ऊर्जा कुठून आणणार?

म्हणून शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत नसेल तर बाटलीवर फार विसंबू नका.

दुसरं. जमिनीत युरियाचं नत्र मुबलक असेल तर हे जिवाणू नत्र स्थिर करण्याची यंत्रणा बंदच ठेवतात. आयतं मिळत असताना 16 एटीपी कोण जाळेल? त्यामुळे 'गोण्याही पूर्ण, बाटल्याही पूर्ण' या पद्धतीत नत्राच्या बाबतीत जिवाणूंकडून जवळपास काहीच मिळत नाही. बांधावरचा, तुमची शंका रास्त आहे.

मग विद्यापीठांच्या प्रयोगांत फायदा दिसतो तो कसला? मोठा भाग मुळांचा आहे. ॲझोस्पिरिलम आणि ॲझोटोबॅक्टर ऑक्झिन गटातली संप्रेरकं तयार करतात. त्याने बाजूची मुळं आणि मूलकेस वाढतात. जास्त मूलकेस म्हणजे मातीशी जास्त संपर्क, म्हणजे टाकलेलं खत वाया कमी जातं. सरीत मोकळ्या पाण्यावर टाकलेल्या युरियातलं निम्मं नत्रही पिकाला लागत नाही, बाकीचं हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर खाली जातं. त्या गळतीतला थोडा भाग मुळांनी पकडला तरी पाव हिस्सा कमी देऊन भागतं.

यातून आणखी एक निघतं. ठिबकमधून रोज थोडं थोडं खत देणाऱ्याची गळती आधीच कमी असते. त्याला जिवाणूंचा फायदा सरीवाल्यापेक्षा कमी दिसणार.

रानवेडा (बार्शी)

एवढं सगळं कशाला पाहिजे राव? 200 लिटरच्या पिंपात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधाची मूठभर माती. हे जीवामृत ढवळायचं आणि पाटाच्या पाण्यात सोडायचं. हेच जिवाणू त्यात असतात, फुकटात.

पेट्रीडिश (पुणे)

जीवामृतात जिवाणू भरपूर असतात, वाद नाही. कोणते असतात हे मात्र प्रत्येक पिंपाला वेगळं. गूळ आणि बेसन घातल्यावर जे भराभर वाढतात ते वाढतात, त्यात ॲझोस्पिरिलम जिंकेलच याची खात्री नाही. आणि पिंपातलं नत्र मोजलंत तर शेण, मूत्र, बेसन धरून पाव किलोच्या आसपास. वापरू नका असं म्हणत नाहीये. 'जीवामृत सोडलं म्हणून नत्र बंद' असं टोमॅटोत कराल तर तिसऱ्या तोड्याला पानं पिवळी पडून सांगतील.

रानवेडा (बार्शी)

मी टोमॅटो करत नाही, गवार आणि चवळी करतो. पिवळं काही पडत नाही.

पेट्रीडिश (पुणे)

गवार आणि चवळी शेंगवर्गीय आहेत, रानवेडाभाऊ. त्यांचं नत्र त्यांच्या मुळांवरच्या गाठीत तयार होतं, पिंपात नाही. 🙂

दुकान_माझंपण (अहिल्यानगर जिल्हा)

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानदाराला शिव्या घालायच्या आत थोडं ऐका.

पावडरीच्या पाकिटात ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी आणि द्रवरूप बाटलीत मिलिलिटरला किमान 10 कोटी, हा नियम आहे. कारखान्यातून निघताना तेवढ्या असतीलही. पुढे ट्रकमध्ये, गोदामात, पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढला की किती उरतात ते कोणी मोजत नाही. मी स्वतः तो माल भिंतीच्या थंड बाजूला खाली ठेवतो आणि उन्हाळ्यात मागवतच नाही. सगळे तसं करत नाहीत.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय बघायचं: उत्पादनाची तारीख (पावडर सहा महिन्यांच्या आतली, द्रवरूप वर्षाच्या आतली), जिवाणूचं नाव, पेशींची संख्या, बॅच नंबर. 'चमत्कारी', 'सर्व पिकांसाठी टॉनिक' असं लिहिलंय आणि जिवाणूचं नावच नाही, तर ते जिवाणू खत नाही. बाटली फुगलेली आणि उघडल्यावर सडका वास आला तर परत करा. मला गिऱ्हाइकाने परत आणलेली आवडेल, शेतात ओतून मग मला नावं ठेवलेली नाही आवडणार.

शक्य असेल तर विद्यापीठातूनच आणा. राहुरी, परभणी, अकोला तिघांकडे मिळतात. परभणीचं बायोमिक्स हळद-आल्यावाल्यांत जास्त चालतं, पण भाजीपाल्यातही लोक वापरतात. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का मायक्रोबियल कन्सोर्टियम' खास भाज्यांसाठी काढलेलं आहे. नत्र, स्फुरद, जस्त अशा कामांचे जिवाणू एकाच पाकिटात. नत्र आणि स्फुरदाची पाव हिस्सा बचत असा त्यांचाही दावा आहे.

(हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय आणतोय.)

बांधावरचा (निफाड)

दुकानदार दादा, खरं बोललात, आभार. पेट्रीडिश सर, पीएसबीचं राहिलं. माझ्याकडे स्फुरद जास्त आहे, मग पीएसबी टाकू की नको?

पेट्रीडिश (पुणे)

तुमच्यासारख्या जमिनीसाठीच पीएसबी आहे.

पीएसबी स्फुरद तयार करत नाही. जे जमिनीत अडकून पडलंय ते सोडवतो. चुनखडीच्या, 8 सामूच्या जमिनीत डीएपीचं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं 15-20 टक्केच मिळतं. बाकी दरवर्षी साठत जातं. तुमच्या कागदावरचं 'जास्त' ही तीच जुन्या डीएपीची पुंजी.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. काचेच्या बशीत पिकोव्हस्कायाचं माध्यम ओततो. त्यात न विरघळणारं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणून बशी दुधासारखी पांढरी दिसते. त्यावर बॅसिलस मेगाटेरियम किंवा स्युडोमोनास स्ट्रायटा टोचला की काही दिवसांत वसाहतीभोवती एक स्वच्छ, पारदर्शक कडं पडतं. जिवाणूने सोडलेल्या ग्लुकोनिकसारख्या आम्लांनी तिथलं फॉस्फेट विरघळलेलं असतं. कड्याची रुंदी पट्टीने मोजतो. बाटलीतल्या मालाचा नमुना टोचला आणि कडंच पडलं नाही, असंही पाहिलंय.

बशीतलं कडं मोठं म्हणून शेतात तेवढंच काम होईल असं नाही. चुनखडीची जमीन आम्ल लगेच मारून टाकते. काम होतं ते मुळाला चिकटून, केसाच्या जाडीएवढ्या अंतरात. म्हणून काळी_कसदार यांचं रोप बुडवणं मला पाटाने सोडण्यापेक्षा पटतं.

हिशेबी (संगमनेर)

आता मी एक कुरापत काढतो.

स्फुरद ऑल्सेन पद्धतीने (माती परीक्षणाची एक पद्धत) हेक्टरी 25 किलोच्या वर असेल तर जमिनीत भरपूर आहे. तिथे पीएसबी न टाकता नुसतं डीएपी पाव हिश्शाने कमी केलं तरी कांद्याला काही कळणार नाही! मग 'पीएसबीमुळे खत वाचलं' हे कशावरून?

नत्राचंही तेच. शिफारस कांद्याला हेक्टरी 100 किलो, आणि आमच्याकडचे लोक दीडपट टाकतात. जो दीडपट टाकत होता तो बाटली आणून पाव हिस्सा कमी करतो, उतारा तोच येतो, आणि गावभर सांगतो की जिवाणूंनी कमाल केली. बाटली नसती तरी उतारा तोच आला असता. कांद्यात तर उलट फायदाच झाला असता. उशिरापर्यंत युरिया दिला की मान जाड होते, जोड कांदा वाढतो, चाळीत कोंब येतात. युरिया कमी केल्यावर कांदा टिकला तर श्रेय बाटलीला.

काळी_कसदार काका, राग मानू नका, पण तुम्ही कधी तेवढंच कमी खत देऊन, न बुडवता एक वाफा ठेवलाय का?

काळी_कसदार (जुन्नर)

राग कसला. नाही ठेवला. लावणीच्या दिवशी मजूर उभे असतात, कोण वेगळा वाफा राखत बसेल. पण प्रश्न बिनतोड आहे.

पेट्रीडिश (पुणे)

हिशेबी यांनी नेमकं बोट ठेवलंय. लोक दोनच गोष्टींची तुलना करतात: पूर्ण खत बिनजिवाणूचं, आणि पाऊण खत जिवाणूंसह. दोन्हीचा उतारा सारखा आला की जिवाणू पास. पण 'पाऊण खत, जिवाणू नाहीत' हा पट्टा नसेल तर जिवाणूंनी काही केलं की नाही हे कळायला मार्गच नाही. तो एक पट्टा म्हणजे अख्खा प्रयोग.

चौथा 'पूर्ण खत अधिक जिवाणू' हा पट्टा जमला तर उत्तम, नाही जमला तरी चालेल.

बांधावरचा (निफाड)

कांद्याला जमेल. आमचे सारे वाफे आहेत, पाटाचं पाणी. एकाआड एक वाफ्याला खत वेगळं टाकता येईल. टोमॅटोचं अवघड आहे, ठिबकला एकच व्हॉल्व्ह, खत व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणारी नळी) सगळीकडे सारखंच जातं.

हिशेबी (संगमनेर)

लॅटरलच्या (ओळीतल्या ठिबक नळीच्या) तोंडाला कॉक बसवायचे. पाऊणवाल्या ओळींचे कॉक दर चौथ्या खताला बंद. खत संपलं की उघडून तेवढंच साधं पाणी द्यायचं, नाहीतर पाणीही कमी पडेल आणि दोष खताला जाईल. कटकट आहे, पण पाच-सहा ओळींपुरती.

कांद्यात पाण्याची खबरदारी घ्या. वरच्या वाफ्याचं पाणी खालच्या वाफ्यात फुटलं की युरिया पण जातो. आणि तिन्ही प्रकार एकाच टोकाला ठेवू नका. जमीन कुठे भारी कुठे हलकी असते, म्हणून प्रत्येक प्रकार रानात दोन-तीन ठिकाणी विखरून घ्या. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधलाच कांदा मोजायचा. वजन, जाड मानेचे आणि जोड किती हे वेगळं. चाळीत पण वेगळ्या कप्प्यात टाका, रांगडा फार टिकत नाही तरी फरक दिसेल.

गच्चीवरची_मंजिरी (ठाणे)

मोठ्या शेतकऱ्यांत माझा छोटा प्रश्न. गच्चीवर कोकोपीट आणि गांडूळखताच्या पिशव्यांत टोमॅटो, मिरची, वांगी आहेत. पीएसबी आणि ॲझोटोबॅक्टर आणलंय. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरतील का?

पेट्रीडिश (पुणे)

मंजिरीताई, बादली रात्रभर उघडी ठेवा, क्लोरीन बरंच उडून जातं. तेवढ्याने भागेल.

मोठा मुद्दा कोकोपीटचा आहे. त्यात अडकलेलं स्फुरद नसतंच, मग पीएसबी सोडवणार काय? हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट मिसळलंत तर त्याला काम मिळेल. गांडूळखत जास्त असेल तर ॲझोटोबॅक्टरला खायलाही मिळेल. पिशवी वाळू देऊ नका, भर उन्हात काळी पिशवी चांगलीच तापते. सावलीची बाजू किंवा वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा.

गच्चीवरची_मंजिरी (ठाणे)

हाडांचा चुरा आणला की शेजारचं मांजर पिशव्या उकरतं. 😀 रॉक फॉस्फेट बघते.

कुळागर (फोंडा, गोवा)

आमच्याकडे सगळं उलटं. भात कापून झालं की त्याच शेतात वायंगणाला (हिवाळी हंगामात) मिरची, वांगी, लाल भाजी. जांभ्याची माती, सामू 5.3. ॲझोटोबॅक्टर दोन हंगाम घातला, घातलेल्या आणि न घातलेल्या वाफ्यांत काडीचा फरक नाही. न घातलेला वाफा आम्ही ठेवला होता हां. 🙂

पेट्रीडिश (पुणे)

वा, या धाग्यातला पहिला खरा प्रयोग गोव्यातून आला.

ॲझोटोबॅक्टरला 6 च्या खालचा सामू झेपत नाही, तुमच्या मातीत तो टिकलाच नसेल. ॲझोस्पिरिलम त्या मानाने आम्लता सोसतो. स्फुरदाचं गणितही वेगळं आहे. आपल्या काळ्या मातीत ते चुन्याशी बांधलेलं असतं, तुमच्याकडे लोह आणि ॲल्युमिनियमशी. आम्ल सोडून चुन्याशी बांधलेलं स्फुरद सोडवायची पीएसबीची युक्ती तिथे तेवढी चालत नाही. आधी चुना किंवा डोलोमाइट देऊन सामू 6 च्या आसपास आणा, ओलावा असताना, लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी. मग जिवाणूंचं बघा. चुना आणि जिवाणू एकाच दिवशी नको.

कुळागर (फोंडा, गोवा)

चुना घालतो तेव्हा मिरची सुधारते हे घरचे म्हातारे सांगतातच. देव बरें करूं.

वाटाणा_शेंगा (पुरंदर)

इतका वेळ वाचत होतो. मंडळी कांदा-टोमॅटोत अडकली, खरी नत्राची बचत शेंगवर्गीय भाज्यांत आहे. पेट्रीडिश यांनी साखरेचा हिशेब मांडला ना, वाटाण्यात ती साखर झाड स्वतः गाठीतल्या रायझोबियमला पुरवतं. म्हणून तिथे हे जमतं.

आम्ही पावसाळी वाटाण्याला सुरुवातीला हेक्टरी 20-25 किलो नत्र देतो, नंतर युरियाचा दाणा नाही. बियाणं गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम लावून, सावलीत सुकवून, लगेच पेरायचं. पाकीट वाटाण्याचंच हवं. सोयाबीनचं स्वस्त मिळालं म्हणून लावणारे आहेत. प्रत्येक पिकाच्या गटाचा जिवाणू वेगळा असतो, सोयाबीनवाला वाटाण्यावर गाठ करत नाही.

फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. ओढू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. पाण्यात हलक्या हाताने मुळं धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती जागा अडवून बसलीय. ही तपासणी कुठल्याही शेतकऱ्याला बांधावर बसून करता येते, प्रयोगशाळा नको.

घेवड्याकडून मात्र एवढी अपेक्षा ठेवू नका. तो शेंगवर्गीय असूनही गाठी करण्यात आळशी आहे, त्याला नत्र द्यावंच लागतं.

रानवेडा (बार्शी)

उद्याच गवार उपटून बघतो.

वाटाणा_शेंगा (पुरंदर)

उपटू नका म्हणतोय भाऊ, खणून काढा!

काळी_कसदार (जुन्नर)

बांधावरचा, आणखी एक. रोपवाटिकेतून ट्रेमधली टोमॅटोची रोपं आणणार असाल तर त्यांना विचारून घ्या की शेवटची आळवणी कशाची केली होती. मर रोगासाठी बुरशीनाशक नाहीतर एखादं प्रतिजैविक ओतलेलं असू शकतं, आणि आपण घरी आणून त्याच ट्रेला जिवाणू पाजतो. प्रतिजैविकात जिवाणू टाकून उपयोग काय? तसं असेल तर लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी बुडाशी आळवणी करा. ठिबकमधून सोडणार असाल तर आधी टाकी आणि फिल्टर धुऊन घ्या, आदल्या खताचा अंश राहायला नको.

बांधावरचा (निफाड)

ठरलं मंडळी. कांद्याचे वाफे तीन प्रकारचे: पूर्ण शिफारस, पाऊण बिनजिवाणू, पाऊण जिवाणूंसह. प्रत्येक प्रकार रानात तीन ठिकाणी. शेणखत सगळीकडे सारखं. ॲझोस्पिरिलम आणि पीएसबी विद्यापीठाचं आणतो. केएमबी सोडून देतो, पालाश जमिनीत भरपूर दाखवलंय. वाफ्यांच्या तोंडाशी रंगीत काठ्या रोवतो, म्हणजे मजुराला सांगत बसायला नको.

एकच विचारायचं होतं. नत्र-स्फुरद पाऊण करतोय तर गंधकही पाऊण करू का?

हिशेबी (संगमनेर)

गंधकाला हात लावू नका. कांद्याला ते लागतंच, आणि तीन वाफ्यांत गंधक वेगळं पडलं तर फरक कशाने आला ते कळणार नाही. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरणार असाल तर त्यातूनही गंधक जातं. मग पाऊणवाल्या वाफ्यांत जे कमी पडेल ते बेंटोनाइट गंधकाने भरून काढा. आणि काठ्यांचे रंग वहीत लिहून ठेवा, काढणीपर्यंत कोणता रंग कशाचा ते विसरायला होतं.